परीखान्यातील पाठशाळा

लखनौच्या कैसरबागेत जी इमारत परीखाना या नावाने ओळखली जाते, तिच्या भिंतींनी संगीताचे दोन निरनिराळे संसार पाहिले आहेत. पहिला संसार नवाब वाजिद अली शाहाचा. नृत्यगायनात तयार केलेल्या ज्या तरुणी अवधच्या ह्या अखेरच्या राजाने आपल्या पदरी बाळगल्या होत्या, त्यांना ‘परी’ म्हणत. त्यांच्या तालमीसाठी चांगले चांगले उस्ताद नेमलेले असत. शिक्षण उत्तम होते ह्यात शंका नाही. मात्र ज्याच्यासाठी ते दिले जाई तो श्रोता एकच होता. १८५६ साली कंपनी सरकारने अवधचे राज्य खालसा केले, राजा कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला जाऊन राहिला आणि तो संसार विस्कटला. दुसरा संसार त्यानंतर पाऊणशे वर्षांनी मांडला गेला. त्यात शाळेची पिशवी खांद्यावर टाकून येणारी मुले होती, भावाचा हात धरून येणाऱ्या मुली होत्या, फळा होता, हजेरीपट होता, घंटा होती. फळ्यावर लिहिलेले स्वर पाहून पंधरावीस कोवळे गळे एकदम ‘सा’ लावीत, तो पूर्वी एका राजाचा विलास होता ह्याची त्यांना खबरही नसे.

हा दुसरा संसार ज्याने मांडला तो मनुष्य लखनौचा नव्हता. गवयाच्या घराण्यातलाही नव्हता. तो मुंबईच्या वाळकेश्वरचा एक वकील होता.

पंडित विष्णु नारायण भातखंडे हे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. परंतु त्यांच्याविषयी लिहिताना बहुधा दहा थाटांच्या वादाला आरंभ होतो, आणि पंडितजी शास्त्रकार म्हणून थोर की चुकलेले, ह्याच्या खलात लेख संपतो. तो खल आम्ही जाणत्यांवर सोपवितो. आम्हांला त्यांच्या आयुष्याकडे दुसऱ्या बाजूने पाहावयाचे आहे: गाणे शिकण्याची इच्छा आहे, पण जन्म भलत्याच घरी झालेला आहे, अशा मुलाच्या बाजूने.

त्या मुलाची एकोणिसाव्या शतकातली स्थिती काय होती? उस्तादाच्या घरी जन्मलेला मुलगा दुधाबरोबर स्वर पीत असे. इतरांना गंडा बांधून घ्यावा लागे, आणि मग कित्येक वर्षे सेवा. ती सेवा झाली म्हणजे विद्या मिळेलच अशी हमी कोणी देत नसे. आपल्याकडच्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी घरदार सोडून, धार-ग्वाल्हेरच्या वाटा तुडवून, उपासतापास काढून ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान योग्यच आहे. पण त्या कथेचा दुसरा अर्थ असा, की ज्याच्या अंगी बाळकृष्णबुवांचे लोखंडी धैर्य नव्हते अशा शेकडो मुलांची विद्या वाटेतच राहून गेली. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. गाणारी स्त्री म्हणजे कोठ्यावरची स्त्री, हे समीकरण उत्तरेत आणि आपल्याकडेही इतके पक्के होते, की घरंदाज मुलीने तंबोऱ्याला हात लावणे हे कुळाला बट्टा लावण्यासारखे मानले जाई.

भातखंडे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी जन्मले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८५ साली बी. ए. झाले, १८८७ साली कायद्याची परीक्षा दिली, काही काळ कराचीत आणि मग मुंबईत वकिली केली. संगीताची त्यांची ओढ ह्याआधीचीच. पारशी मंडळींनी मुंबईत चालविलेल्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त ते १८८४ साली दाखल झाले आणि तेथे रावजीबुवा बेलबागकरांकडून ध्रुपदे व अली हुसेन, विलायत हुसेन ह्यांच्याकडून ख्याल त्यांनी आत्मसात केले. १९०० साली पत्नी गेली आणि १९०३ साली एकुलती मुलगी गेली. ह्या दोन मृत्यूंनंतर त्यांचा प्रपंच उरला नाही. वकिलीचा गाशा त्यांनी हळूहळू गुंडाळला आणि ते प्रवासाला निघाले. १९०४ मध्ये दक्षिण हिंदुस्थान, १९०७ मध्ये हैदराबाद व कलकत्ता, १९०८ मध्ये अलाहाबाद, बनारस, जयपूर, उदेपूर. जेथे म्हणून एखादा ग्रंथ किंवा एखादा जाणता गवई असल्याची वार्ता लागली, तेथे हा मनुष्य वही घेऊन हजर.

गवयांनी त्यांना सहजासहजी काही दिले नाही. का द्यावे? एकेक चीज ही त्यांची वतनी जमीन होती. जो जमीन लिहून देतो तो उद्या खाणार काय? आज आपण त्या उस्तादांच्या कृपणतेच्या गोष्टी हसत सांगतो, तेव्हा हा साधा हिशेब विसरतो. तरीही जयपूरच्या महंमद अली खाँ ह्यांच्या घराण्याकडून सुमारे ३०० चिजा भातखंड्यांना मिळाल्या, आणि रामपूरच्या नवाब हमीद अली खाँच्या दरबारात वझीर खाँ ह्यांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी तिथला दुर्मिळ साठाही उघडविला. पन्नाशीला पोहोचलेला पदवीधर वकील विद्यार्थी होऊन बसला, ही गोष्ट लहान नव्हे.

मिळालेले सारे त्यांनी छापून टाकले. १९०९-१० च्या सुमारास ‘चतुर पंडित’ ह्या नावाने त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला, आणि लगोलग ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा प्रचंड मराठी ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याचा चौथा भाग १९३२ साली बाहेर पडला. ह्या मराठी ग्रंथात ते चतुर पंडिताचे दाखले एखाद्या परक्या ग्रंथकाराचे द्यावेत तसे देतात, हा त्यांचा मिस्किलपणा प्रसिद्धच आहे. आम्हांला त्याहून महत्त्वाची वाटते ती ग्रंथाची घडण. सारा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिला आहे. शिष्य शंका काढतो, आडवा प्रश्न विचारतो, ‘पण अमुक गवई तर निराळेच गातो’ असा पेच टाकतो, आणि गुरू न रागावता उत्तर देतो. गंडाबंध शागिर्दाला असे विचारण्याची छाती नव्हती. विचारले असते तर तालीम बंद झाली असती. विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, ही गोष्ट भातखंड्यांनी संगीताच्या ग्रंथात प्रथम पानोपानी रूढ केली.

लहान मुलांच्या दृष्टीने मात्र खरी किल्ली होती ती त्यांची स्वरलेखनपद्धती आणि तिच्या आधाराने रचलेली ‘क्रमिक पुस्तकमालिका’. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेवर फुली, खालीवर शून्य. एवढ्यावर काम भागते. अक्षरओळख झालेल्या दहा वर्षांच्या मुलाला ही चिन्हे आठवड्यात समजतात. त्याच सुमारास विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपली स्वतंत्र लिपी केली होती. ती बारकाईने अधिक समृद्ध आहे असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात, व ते असेलही. परंतु भातखंड्यांची लिपी छापखान्याला परवडणारी आणि मुलाला झेपणारी होती. पहिल्या पुस्तकात सोपे अलंकार, सरगमी आणि लक्षणगीते. पुढे इयत्तेइयत्तेने ख्याल, ध्रुपद, धमार. सहा भागांत मिळून दीड हजाराहून अधिक चिजा. ज्या एका चिजेसाठी पूर्वी शिष्य वर्षभर हुक्का भरीत असे, ती आता काही आण्यांच्या पुस्तकात मिळू लागली. पुस्तकातून गायकी येत नाही हे भातखंड्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण दाराची कडी तरी निघाली.

पुस्तके झाली, तरी शाळा हव्यात. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मौला बक्षांनी १८८६ सालीच गायनशाळा काढली होती; तिची पुनर्घटना करण्याच्या निमित्ताने भातखंडे तेथे गेले आणि १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. ग्वाल्हेरला माधवराव शिंद्यांनी त्यांच्या सल्ल्याने १९१८ मध्ये ‘माधव संगीत विद्यालय’ उघडले. ह्या ग्वाल्हेर प्रकरणात भातखंड्यांची दृष्टी विशेष दिसते. इमारत आणि विद्यार्थी ह्यांच्या आधी त्यांनी मागणी केली ती शिक्षकांची. दरबारने निवडलेले तरुण गायक, ज्यांत पुढे नामांकित झालेले राजाभैया पूंछवाले होते, मुंबईला पाठविण्यात आले आणि पंडितजींनी त्यांना आपली पद्धती शिकवून परत धाडले. गाता येणे आणि शिकविता येणे ह्या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, ही जाणीव संगीताच्या क्षेत्रात तेव्हा नवी होती.

दिल्लीला एक राष्ट्रीय संगीत अकादमी स्थापावी असे त्यांचे मोठे स्वप्न होते. परिषदांमध्ये ठराव झाले, संस्थानिकांनी माना डोलावल्या. पैसे मात्र जमले नाहीत. साठी उलटून गेलेली, शरीर थकत चाललेले, आणि हाती बडोदे-ग्वाल्हेर ही दोन संस्थानी विद्यालये. ह्या टप्प्यावर लखनौ पुढे आले.

लखनौच का, असे पुष्कळांना वाटले असेल. ख्यालाचे माहेर ग्वाल्हेर, ध्रुपदाचे रामपूर. लखनौ ठुमरीचे आणि कथकचे. परंतु संस्था उभी राहते ती माणसांवर. दरियाबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि त्यांच्याच घराण्यातील राय राजेश्वर बली ह्या दोघांनी हे कार्य आपले मानले. राजेश्वर बली त्या वेळी संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री होते, हा योग मोठा होता. संगीताचे मर्मज्ञ व उर्दूत संगीतावर ग्रंथ लिहिणारे राजा नवाब अली हे भातखंड्यांचे जुने स्नेही. चौथी आणि पाचवी अशा लागोपाठच्या दोन संगीत परिषदा लखनौत भरल्या, आणि १९२६ साली विद्यालय सुरू झाले. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस ह्यांचे नाव त्याला देण्यात आले. हिंदुस्थानी संगीताच्या विद्यालयाला इंग्रज गव्हर्नराचे नाव असावे ह्याचा आज आपल्याला राग येतो. ज्यांनी दिल्लीची अकादमी कागदावरच विरताना पाहिली होती, त्यांना नावाचा विधिनिषेध उरला नसावा.

विद्यालय आरंभी दुसऱ्या जागेत होते. पुढे ते कैसरबागेत परीखान्यात आले. पहिले प्राचार्य माधवराव जोशी. १९२८ साली ती जागा भातखंड्यांच्या एका शिष्याकडे आली, आणि आमच्या मते ह्या कथेचा खरा भाग येथून पुढे आहे.

श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेव्हा तिशीच्या आत होते. मुंबईतल्या एका पोलीस अधिकाऱ्याचे ते चिरंजीव. बालवयात कारवारकडच्या कृष्णंभटांनी त्यांचा स्वर पक्का केला, अनंत मनोहर जोश्यांनी ग्वाल्हेरची वाट दाखविली, अकराबारा वर्षांच्या वयात ते भातखंड्यांच्या हाती आले, आणि त्यांच्याच योजनेने बडोद्यास आफताब-ए-मौसिकी फैयाझ खाँ ह्यांच्यापुढे गंडा बांधून बसले. १९२६ मध्ये विल्सन कॉलेजातून बी. ए. झाले. म्हणजे फळा आणि गंडा, ही दोन्ही जगे ह्या एका तरुणाने भोगली होती. गायक म्हणून मुंबईत त्यांना मैफली मिळाल्या असत्या, नावही झाले असते. ते सोडून हा मनुष्य लखनौला आला आणि सुमारे तीन दशके तिथे मुलांना ‘सा’ लावायला शिकवीत राहिला. प्राचार्यपदाला मान होता. पैशाची मात्र नेहमीच ओढगस्त असे, आणि वर्गात रोज चार-चार, सहा-सहा तास बोलून व गाऊन मैफलीच्या गळ्याची झळाळी टिकत नाही, ती किंमत निराळी. रातंजनकरांनी ती मोजली. त्यांच्या ऐन तारुण्यातले गाणे ज्यांनी ऐकले ते जाणकार ह्याबद्दल हळहळत असत.

लखनौच्या उस्तादांना विद्यालयाने दूर ठेवले नाही, ही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. लखनौ बाजाचे खलिफा आबिद हुसेन खाँ तबला शिकवीत. शाहजहानपूरच्या घराण्याचे सखावत हुसेन खाँ सरोद शिकवीत. पिढ्यान्‌पिढ्या जी विद्या घराबाहेर जात नव्हती, ती हे उस्ताद आता हजेरी घेऊन कारकुनाच्या आणि दुकानदाराच्या मुलाला देत होते. त्यांना हा बदल कसा वाटला असेल? महिन्याच्या पगाराची निश्चिती होती. पण घराचा मालक होता तो वर्गाचा नोकर झाला, हेही खरे. भातखंड्यांनी निरक्षर गवयांविषयी आपल्या ग्रंथांत जागोजागी जे तिखट शब्द वापरले आहेत ते वाचताना आम्हांला आजही संकोच वाटतो. त्यांच्याच वह्यांतून भरलेले हे पुस्तक, आणि त्यांच्याविषयीच ही भाषा! पंडितजींच्या निस्पृहतेला आम्ही वंदन करतो. हा कडवटपणा मात्र आम्हांला त्यांच्या पदरी टाकल्यावाचून राहवत नाही.

ह्याहून मोठा अन्याय चौकातल्या तवायफांवर झाला. लखनौची ठुमरी ज्या गळ्यांत जिवंत होती, त्यांना ह्या नव्या दारातून प्रवेश नव्हता. घरंदाज मुलींनी आत यावे म्हणून वातावरण ‘शुद्ध’ राखणे आवश्यक ठरले, आणि त्या शुद्धतेची किंमत ज्यांनी दिली त्यांची नावे विद्यालयाच्या कोणत्याही फलकावर नाहीत. ज्या परीखान्यात परींना शिकविले गेले, तिथे परींच्या वारसदारांनाच जागा उरली नाही.

तरीही मुली आल्या, हेही तितकेच खरे. लखनौला मुलींच्या शिक्षणाची वाट अगदीच अनोळखी नव्हती. १८७० साली इझाबेला थोबर्न ह्या अमेरिकन बाईंनी अमिनाबादेत जेमतेम अर्धा डझन मुली घेऊन शाळा काढली होती, आणि १९०१ मध्ये ह्याच शहरात पटकीने त्यांचा अंत होईपर्यंत तिचे महाविद्यालय झाले होते. परंतु अक्षरे शिकलेल्या मुलीलाही गाण्याची बंदी होतीच. ती मॅरिस कॉलेजाने सैल केली. परीक्षा, प्रमाणपत्र, वेळापत्रक ह्या रुक्ष गोष्टींची आपण थट्टा करतो. पण ‘मुलगी परीक्षेला बसली आहे’ हे वाक्य बापाला चारचौघांत सांगता येते, आणि ‘मुलगी गाणे शिकते’ हे तेव्हा येत नव्हते. बालाघाटकडच्या सुमती मुटाटकर ह्यांच्यासारख्या विदुषी ह्याच परंपरेत तयार झाल्या व पुढे दिल्ली विद्यापीठात त्यांनी संगीताचे अध्यापन केले.

वर्गात गवई तयार होतो काय? हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे आणि तो खोटा नाही. चाळीस मिनिटांच्या तासात, पंधरावीस जणांमध्ये, एकेकाच्या गळ्याकडे पाहणार कोण? रातंजनकरांनी ह्या आक्षेपाला लेख लिहून उत्तर दिले नाही. आपल्या घराचे दार उघडून दिले. १९३६ साली बेळगावजवळच्या बैलहोंगलचा अकरा वर्षांचा एक मुलगा लखनौला आला आणि रातंजनकरांच्या घरी राहू लागला. कृष्ण गुंडोपंत गिंडे हे त्याचे नाव. दिवसा तो विद्यालयात इतरांबरोबर शिके आणि सकाळ-संध्याकाळ घरी गुरूच्या तंबोऱ्यामागे बसे. शिरालीकडचे एस. सी. आर. भट, बंगलोरचे चिदानंद नगरकर, पुढे दिनकर कैकिणी, अशी कितीतरी मुले ह्या बिऱ्हाडाच्या आसऱ्याने मोठी झाली. उत्तरेतल्या त्या कडाक्याच्या थंडीत, भोवती उर्दू, वर्गात हिंदी, घरात मराठी-कोंकणी, असे ते विलक्षण गुरुकुल होते. म्हणजे दिवसा फळा आणि पहाटे गंडा. फरक एवढाच, की ह्या गंड्याला वंशाची अट नव्हती.

सर्वच मुले गवई झाली नाहीत, व्हावीत अशी अपेक्षाही नव्हती. कोणी वाद्याकडे गेले, कोणी नभोवाणीत, कोणी चित्रपटात. तलत महमूद आणि संगीत-दिग्दर्शक रोशन ह्यांनी ह्याच विद्यालयात धडे घेतले. सिंहलद्वीपाहूनही विद्यार्थी येत. अमरदेव येथे शिकून परतले आणि त्या देशाच्या संगीताचे अध्वर्यू ठरले. बहुसंख्य मुले मात्र आपापल्या गावी जाऊन शाळामास्तर झाली आणि त्यांनी आणखी मुलांना शिकविले. त्यांची गणना कोणी केलेली नाही.

भातखंड्यांना ह्यातले थोडेच पाहायला मिळाले. प्रकृती होती तोवर ते लखनौला येत, शिकवीत, परीक्षा घेत. १९३३ पासून ते अंथरुणाला खिळले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीला, मुंबईत निवर्तले. गिंडे लखनौला आले ते ह्याच वर्षी. रातंजनकर १९५७ मध्ये खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. नभोवाणीच्या कलावंत-निवडीचे काम त्यांनी पत्करले तेव्हा गवयांचा रोषही पुष्कळ सोसला. शाळामास्तराने उस्तादांची परीक्षा घ्यावी हे त्यांना कसे रुचावे? १४ फेब्रुवारी १९७४ रोजी ते गेले. ‘अभिनव गीतमंजरी’तल्या त्यांच्या रचना गिंडे, भट आणि कैकिणी ह्यांनी गाऊन व शिकवून जिवंत ठेवल्या, गिंड्यांनी मुंबईत वल्लभ संगीतालयात १९९४ मधील आपल्या मृत्यूपर्यंत मुलांना शिकविले.

स्वातंत्र्यानंतर मॅरिसचे नाव जाऊन भातखंड्यांचे आले. १९६६ साली शासनाने विद्यालय आपल्याकडे घेतले, २००० मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०२२ मध्ये त्याचे भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय झाले. इतक्या नामांतरांनी लखनौकर गोंधळलेले दिसत नाहीत. मागे कैसरबागेत जाण्यासाठी आम्ही एका रिक्षावाल्याला विद्यापीठाचे पूर्ण नाव सांगू लागलो, तर त्याने ते पुरे होऊ दिले नाही. ‘भातखंडे जाना है न?’ म्हणाला, आणि वाटेत आपली पुतणी तिथे तबला शिकते हे सांगितले. भातखंडे हे एका माणसाचे आडनाव आहे हे त्याला ठाऊक नव्हते.